बावीस इंच दोन सूत: ओट्याच्या खणात बिल्ट-इन ओव्हन बसवताना

"दोन फूट म्हंजे साठ सेंटिमीटरच ना, भाऊ?"

सुतारदादांनी हे विचारलं तेव्हा ओव्हन खणाच्या तोंडाशी अडकून बसला होता आणि वहिनी माजघराच्या दारातून आमच्याकडे बघत होत्या. गोष्ट हर्णैची. ओव्हन मुंबईहून आलेला, खण इथे तयार झालेला, आणि दोघांची भेट थेट त्या दिवशीच. दोन फूट म्हणजे साठ सेंटिमीटर नव्हेत, ६०.९६. ते जास्तीचं जवळजवळ एक सेंटिमीटर खरं तर आमच्या फायद्याचंच होतं. पण दादांनी मजबुतीसाठी बाजूच्या फळ्या एक इंची घातल्या. दोन फुटांतून दोन इंच गेले, आत राहिले बरोबर २२ इंच, म्हणजे ५५८.८ मिलिमीटर. ओव्हनच्या पत्रकात किमान ५६० मागितले होते. कमी पडले ते जेमतेम सव्वा मिलिमीटर. त्यापायी अर्धा दिवस आतून रंधा मारला, लॅमिनेट गेलं, आणि उघडी पडलेली प्लाय पुन्हा सील करत बसलो.

मी दापोली-हर्णै पट्ट्यात किचनची कामं करतो. गावचं घर नवं करायला घेतलेले चाकरमानी, होमस्टेवाले, घरून केकच्या ऑर्डरी घेणाऱ्या मुली, असे बरेच जण हल्ली बिल्ट-इन ओव्हन मागतात. आमचे सुतार ट्रॉल्या डोळे मिटून करतात, पण ओव्हनचा खण बऱ्याच जणांनी एकदाही केलेला नसतो. त्या दोघांसाठी, घरमालकासाठी आणि सुतारासाठी, हे लिहितोय. सगळ्यात आधी एक सांगून ठेवतो. ओव्हन, किंवा निदान त्याच्या मापांची आकृती असलेलं पत्रक, हातात आल्याशिवाय प्लायला करवत लावू नका. "सगळे ओव्हन सारखेच असतात" असं दुकानदार म्हणतो, आणि तो फारसं खोटंही बोलत नाही. घोळ होतो तो उरलेल्या चार-पाच मिलिमीटरमध्येच.

मिलिमीटर आणि सूत

घरगुती बिल्ट-इन ओव्हनचं नेहमीचं माप म्हणजे साठ सेंटिमीटरचा ओव्हन. हे साठ त्याच्या दर्शनी भागाचे असतात, तेही पूर्ण साठ नाहीत. काचेचं तोंड साधारण ५९५ मिलिमीटर रुंद आणि ५९५ उंच असतं. त्यामागची लोखंडी पेटी त्याहून अरुंद असते, आणि खणात जाते ती पेटी. तोंड बाहेरच राहतं आणि खणाच्या कडा झाकतं. म्हणून खण पेटीच्या मापाचा करायचा. बहुतेक पत्रकांत रुंदी ५६० ते ५६८ आणि खोली किमान ५५० मिलिमीटर दिलेली असते. उंची उभ्या कपाटात, म्हणजे टॉल युनिटमध्ये, ५८५ ते ५९५ आणि ओट्याखाली ६००.

आता हे सुताराला कसं सांगायचं? इथला सुतार इंच आणि सुतात विचार करतो, एक इंच म्हणजे आठ सूत. त्याला मिलिमीटरचा कागद दाखवलात तर तो मान हलवील आणि मनात स्वतःचा हिशोब करील. त्यापेक्षा त्याच्याच भाषेत सांगा. आतली रुंदी बावीस इंच दोन सूत, म्हणजे ५६५.१५ मिलिमीटर. ओट्याखाली आतली उंची तेवीस इंच पाच सूत, म्हणजे ६००. खोली बावीस इंच, म्हणजे ५५८.८, आणि ही सगळी मोकळी हवी, मागे पाइप किंवा सॉकेट आलं तर ते वेगळं. मी हे तीन आकडे भिंतीवर खडूने लिहूनच ठेवतो. रुंदीत दोन सूत कमी झाले तर ओव्हन आत जात नाही. दोन सूत जास्त झाले तर आत जातो, पण तोंडाच्या पट्टीतले स्क्रू फळीच्या अगदी कडेवर येतात आणि प्लाय चिरते.

अठरा मिलिमीटरची प्लाय घेऊन बाहेरून बरोबर ६०० चा बॉक्स केला की आत ५६४ उरतात. ओव्हनवाल्यांचं सगळं गणित या बॉक्सवर उभं आहे. मात्र लॅमिनेट विसरू नका. आतून दोन्ही बाजूंना एकेक मिलिमीटरचं लॅमिनेट लावलंत तर ५६२ राहतात. तेही चालतात. पण प्लाय थोडी जाड आली, फेविकॉलचा थर जाड बसला, एखादी फळी आत पोटाळली, तर ते दोन मिलिमीटर कुठे गेले ते कळत नाही. म्हणून रुंदी तीन ठिकाणी मोजा, वर, मध्ये आणि खाली, आणि सगळ्यात लहान आकडा खरा धरा. शिवाय दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे भरले तरच खण काटकोनात आहे. गुण्या, म्हणजे काटकोन बघायची पट्टी, लावून कोपरा बरोबर वाटतो, पण दोन फुटांच्या बॉक्समध्ये कर्ण जे सांगतो ते गुण्या सांगत नाही.

आधीच बांधलेला ओटा असेल तर

आपल्याकडे अजूनही बहुतेक ओटे कडप्प्याच्या उभ्या फरशांवर असतात, वर ग्रॅनाइट. ट्रॉल्या मागाहून येतात. तुमच्या ओट्यात दोन कडप्प्यांमधलं अंतर स्वच्छ दोन फूट असेल तर नशीबवान आहात. ६०९.६ च्या त्या खणात बाहेरून ६०० चा प्लायचा बॉक्स सरकतो आणि दोन्ही बाजूंना जवळजवळ पाच-पाच मिलिमीटरची फट राहते. ती पाचर ठोकून धरायची.

अंतर २३ इंच असेल, म्हणजे ५८४ मिलिमीटर, तर पूर्ण बॉक्स बसणार नाही. तिथे मी दोन्ही कडप्प्यांना आतून दहा-दहा मिलिमीटरच्या पट्ट्या लावतो. मधे ५६४ उरतात आणि स्क्रूला लाकूडही मिळतं. २२ इंच असेल तर सोडून द्या. "कडप्पा थोडा कापून घेऊ या" असं कुणी म्हटलं तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा. त्या फरशीवर अख्खा ग्रॅनाइट उभा आहे. दोन ओट्यांना असं कापल्यावर वर तडा गेलेला मी पाहिलाय, आणि तडा गेलेल्या ग्रॅनाइटला औषध नाही.

उंचीचं गणित सोपं आहे. ओटा ३४ इंच, म्हणजे ८६४ मिलिमीटर. वरचा ग्रॅनाइट आणि पुढची मोल्डिंगची पट्टी मिळून ४० धरा, खाली स्कर्टिंगचे १००. उरले ७२४. त्यात ओव्हनचे ६००. राहिलेल्या १२० मिलिमीटरात खाली ताटल्यांचा उथळ ड्रॉवर येतो किंवा नुसती पट्टी. ओटा ३२ इंचांचा असेल तर ड्रॉवर विसरा, पट्टीच लावा. खालची उंची टेपने मोजताना मोल्डिंगच्या खालच्या कडेपासून मोजा, ग्रॅनाइटच्या पोटापासून नव्हे. पाहुण्यांसारखी ती पट्टी पुढे आलेली असते आणि ओव्हनचं तोंड नेमकं तिथे अडतं.

ओट्याखाली घ्यावा की उभ्या कपाटात, यावर माझं मत विचाराल तर घरात आजी असेल किंवा गुडघे कुरकुरायला लागले असतील तर उभ्या कपाटात, दार उघडल्यावर ते कोपराच्या जरा खाली येईल अशा उंचीवर. वाकून गरम ट्रे काढणं हे रोजचं काम नव्हे. घर लहान असेल तर ओट्याखालीच ठीक. कुठेही असला तरी समोर मोकळी जागा सोडा. दार खाली पडतं आणि जवळजवळ अर्धा मीटर बाहेर येतं. समोर मीटरभर नसेल तर ट्रे घेऊन उभं कुठे राहणार?

चिऱ्याच्या भिंतीला उभं कपाट बांधायचं असेल तर साधा प्लॅस्टिकचा गट्टू भरवशाचा नाही. जांभा सच्छिद्र असतो, गट्टू फिरत राहतो. लांब फास्टनर लावा किंवा आधी भिंतीला लाकडी पट्टी चार-पाच ठिकाणी घट्ट बसवून तिला कपाट धरा. तीस-चाळीस किलोंचा ओव्हन छातीच्या उंचीवर, त्याचं दार उघडं आणि दारावर नातवाचा हात, असं चित्र डोळ्यांपुढे आणून पाहा. कपाट भिंतीला बांधलेलं नसेल तर पुढे कलतं.

आणि भिंत कोणती ते बघा. पश्चिमेच्या भिंतीवर पावसाचा मारा असतो, जुलैत ती आतून घाम फोडते. ओव्हन त्या भिंतीला लावू नका. दुसरा पर्यायच नसेल तर मागे सोडायची मोकळी जागा आणखी वाढवा.

कशाचा बॉक्स करायचा

इथे कोकणाचा आणि ओव्हनचा खरा वाद आहे. आपल्याला पाण्याची, वाळवीची, खाऱ्या हवेची भीती. ओव्हनला उष्णतेची काळजी. एकाचं औषध दुसऱ्याला विष.

रत्नागिरी पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. म्हणून गेल्या काही वर्षांत लोक पीव्हीसी बोर्डाचं किचन करायला लागले. पाण्यात ठेवलं तरी फुगत नाही, वाळवी लागत नाही, पुसलं की नवं. सिंकखाली मीही तेच लावतो. पण पीव्हीसी सत्तर-ऐंशी अंशांना मऊ व्हायला लागतं, आणि ओव्हनचा खण नव्वद अंश सोसणारा असावा असं पत्रकं सांगतात. पीव्हीसीच्या बॉक्समध्ये बसवलेला एक ओव्हन मी नंतर काढायला गेलो होतो. बाजूची भिंत आत वाकली होती, स्क्रू हाताने बाहेर आला, आणि ओव्हन फक्त स्वतःच्या वजनावर बसून होता. अख्खं किचन पीव्हीसीचं असलं तरी ओव्हनचा खण तेवढा प्लायचा करा. बाहेरून शटरचा रंग जुळवला की कुणाला कळत नाही.

प्लाय मरीन घ्या, आयएस ७१० चा शिक्का असलेली. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ आपल्या हवेत दोन पावसाळे काढत नाहीत, कडेने पोह्यासारखे फुगतात. ज्या फळीवर ओव्हन बसणार ती १८ किंवा १९ मिलिमीटरची, खाली पुढे-मागे आडव्या पट्ट्या देऊन. माझ्याकडे फणसाच्या जुन्या फळ्या असल्या की पट्ट्या त्याच्या काढतो. मुरलेला फणस हलत नाही. ताजं लाकूड मात्र नको, पावसात फुगतं आणि मे महिन्यात आकसतं.

कापलेली प्रत्येक कड सील करा, मागची न दिसणारीसुद्धा. दमट हवा दिसणाऱ्या कडेतून कमी आणि न दिसणाऱ्या कडेतून जास्त शिरते. ओव्हनच्या शेजारच्या शटरना एज बँड लावताना साधा गरम डिंक वापरला तर तो उष्णतेने सुटतो आणि पट्टी कुत्र्याच्या कानासारखी लोंबते. चांगला गोंद मागा. स्क्रू स्टेनलेसचे घ्या. ३०४ चालतात, घर अगदी समुद्रालगत असेल तर ३१६, त्यातल्या मॉलिब्डेनममुळे ते मिठाला जास्त तोंड देतात. काळे लोखंडी स्क्रू एका वर्षात गंजून फळीत अडकतात, आणि ओव्हन दुरुस्तीला बाहेर काढायची वेळ आली की डोकं फुटतं.

श्वास घ्यायला जागा

सगळं जमलं आणि हे चुकलं तर ओव्हन टिकत नाही. बिल्ट-इन ओव्हनमध्ये थंड करणारा पंखा असतो. तो खालून आणि मागून हवा ओढतो आणि दाराच्या वरच्या फटीतून पुढे फेकतो. ओव्हन बंद केल्यावरही तो काही वेळ घुमत राहतो, तेव्हा घाबरून मेन स्विच काढू नका, त्याचं काम चाललेलं असतं. त्याला थंड हवा मिळाली नाही तर आतला सर्किट बोर्ड शिजतो.

म्हणून खणाला मागची फळी लावायची नाही. ज्या फळीवर ओव्हन बसतो ती भिंतीपर्यंत न्यायची नाही, मागे चार-पाच सेंटिमीटर आधीच थांबवायची. आणि खाली स्कर्टिंगमध्ये हवा आत येण्यासाठी निदान २०० चौरस सेंटिमीटरची फट ठेवायची, म्हणजे ४० सेंटिमीटर लांब आणि ५ उंच. पत्रकात जास्त मागितली असेल तर जास्त. उभ्या कपाटात मागचा हा बोगदा खालपासून छतापर्यंत मोकळा हवा, वरती कपाटाच्या डोक्यावरही वाट हवी. म्हणजे धुराड्यासारखी हवा आपोआप वर ओढली जाते.

हे सांगितलं की घरातून पहिला प्रश्न येतो, "मग झुरळं नाही शिरणार?" शिरतील. पालीही शिरतील, घुशीने वायर कुरतडलेलीही पाहिली आहे. त्यासाठी फटीला स्टेनलेसची बारीक जाळी लावा. जाळीच्या तारा जागा खातात, म्हणून फट थोडी मोठी ठेवा. पण लाकडाने बंद करू नका, आणि ओव्हनच्या कडेने सिलिकॉन तर मुळीच मारू नका. नवे फिटर हौसेने मारतात. छान दिसतं, पण हवा कोंडते आणि पुढे ओव्हन काढताना लॅमिनेटसकट निघतो.

वर्षातून दहा महिने बंद असणाऱ्या घरांत आणखी एक पाहुणी येते, कुंभारीण माशी. ती जाळीच्या आत मातीची मडकी बांधून ठेवते. गणपतीला घर उघडलं की टॉर्च घेऊन आधी ती जाळी बघा.

गॅस सिलिंडर ओट्याखाली शेजारच्याच खणात असेल तर तो हलवायला हवा. एलपीजी हवेपेक्षा जड, गळती झाली तर तळाशी साठतो, आणि तुमचा ओव्हन नेमकी तळाचीच हवा ओढतोय. गॅसची नळी ओव्हनच्या मागून नेऊ नका. शेगडी किंवा हॉब ओव्हनच्या बरोबर वर हवा असेल तर दोन्ही पत्रकं उघडून मधे किती अंतर मागितलंय ते बघा आणि नळी बाजूने उतरवा.

वीज

हे काम परवाना असलेल्या वायरमनचंच. पण त्याला काय सांगायचं ते तुम्हाला ठाऊक हवं.

साठ सेंटिमीटरचे ओव्हन सव्वादोन ते साडेतीन किलोवॉटच्या आसपास असतात. ३ किलोवॉटचा ओव्हन २३० व्होल्टला १३ अँपिअर ओढतो. मिक्सरच्या ६ अँपिअरच्या सॉकेटला तो लावायचा नाही, एक्स्टेन्शन बोर्डाला तर नाहीच. १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट, मेन बोर्डापासून सरळ आलेली ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, तिला स्वतःचा एमसीबी (भार जास्त झाला की पडणारा स्विच), आणि घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). काही ओव्हनना प्लग नसतो, नुसती तीन पदरी केबल येते. त्यातली हिरवी-पिवळी अर्थिंगची, ती लोंबती ठेवून "चालतंय की" म्हणणारा वायरमन असेल तर दुसरा शोधा. अर्थिंगचा खड्डा मे महिन्यात कोरडा पडतो, त्यात अधूनमधून पाणी ओता.

सॉकेट ओव्हनच्या मागे नको. मागे मोकळी जागा लागते, शिवाय मागचा पत्रा तापतो, आणि प्लग काढायचा झाला तर अख्खा ओव्हन ओढावा लागेल. शेजारच्या खणात, हात सहज पोचेल असं ठेवा. केबल साधारण मीटर-दीड मीटरची असते, तेवढ्यात पोचतं का ते आधी मोजा.

वीजबिलावर मंजूर भार लिहिलेला असतो, तो एकदा वाचा. ओव्हन ३, गीझर २, एसी दीड, वर विहिरीचा पंप पाऊण किलोवॉट. सकाळी सगळं एकदम लावलंत तर सव्वासात होतात. भार कमी असेल तर महावितरणकडे वाढवून घ्या. इन्व्हर्टरच्या लाइनवर ओव्हन कधीच नको. तो बॅटरी संपवतो म्हणून नव्हे, घरगुती इन्व्हर्टर तेवढा भार उचलतच नाही.

वाडीच्या टोकाच्या घरांत संध्याकाळी व्होल्टेज १९० पर्यंत उतरतं. तेव्हा ३ किलोवॉटचा ओव्हन जेमतेम २ किलोवॉट देतो, कारण व्होल्टेज कमी झालं की उष्णता त्याच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. म्हणजे ओव्हन बिघडलेला नाही, आच मंद आहे. तापायला जास्त वेळ द्या, नाहीतर केक दुपारी करा. आणि एक खरेदीचा सल्ला. पुष्कळ डिजिटल ओव्हन वीज जाऊन आली की घड्याळ लुकलुकवत बसतात आणि वेळ लावल्याशिवाय तापत नाहीत. जिथे दिवसातून चारदा वीज जाते तिथे साधी फिरवायची बटणं बरी.

बसवायचा दिवस

दोन माणसं लागतात. एकट्याने करण्याचा पराक्रम नको.

खोक्यातून काढल्यावर आतले ट्रे आणि जाळ्या बाहेर काढा. दारही काढता येतं, त्याने वजन बरंच उतरतं. दार पूर्ण उघडा, दोन्ही बिजागऱ्यांवरचे छोटे आकडे पुढे फिरवा, दार अर्धवट मिटत आणा आणि वर उचला. बिजागरीत जोराची स्प्रिंग असते. आकडा नीट बसला नसेल तर ती बोटावर आपटते, म्हणून बोटं मधे घालू नका. काढलेलं दार गादीवर ठेवा, फरशीवर उभं केलेलं दार एकदा घसरलं की काच गेली.

केबलच्या टोकाला सुतळी बांधा आणि सुतळीचं दुसरं टोक शेजारच्या खणात काढून ठेवा. ओव्हन आत सरकत जाईल तसतशी दुसऱ्या माणसाने सुतळी ओढायची. नाहीतर केबल मागे गोळा होते आणि ओव्हन दोन बोटं बाहेरच राहतो. मग लोक ढकलतात, आणि केबल तापणाऱ्या पत्र्याला चिकटते.

ओव्हन बाजूंनी धरून उचला, हँडलला धरून कधीच नाही. मागची कड फळीवर टेकवा, मग हळूहळू सरकवा. अडलं तर थांबा, बाहेर काढा, कुठे घासलं ते बघा. धक्का मारून गेलेला ओव्हन पुन्हा निघत नाही. शेवटचे दोन इंच उरले की दोन्ही बाजूंना लॅमिनेटचे तुकडे घालून तो मधोमध आणा, शेजारच्या शटरशी तीन-चार मिलिमीटरची फट दोन्हीकडे सारखी दिसली पाहिजे.

आता स्क्रू. दार उघडलं की तोंडाच्या दोन्ही बाजूंच्या पट्टीत दोन किंवा चार भोकं दिसतात. प्लायच्या कडेत स्क्रू थेट मारलात तर थर सुटतात, म्हणून आधी अडीच मिलिमीटरच्या बिटने भोक पाडा. स्क्रू हाताने आवळा. मशीन लावलं तर पट्टी वाकते आणि दार नीट मिटत नाही. हे स्क्रू शोभेचे नाहीत. उघड्या दारावर जड ट्रे ठेवला की ओव्हन पुढे झुकतो, त्याला धरून ठेवणारे हेच.

पाणसळ फळीवर लावलेली असेलच, पण शेवटी एकदा आतल्या जाळीवर पसरट ताटलीत पाणी ठेवून बघा. पाणी एका बाजूला सरकलं तर केकही तिकडेच सरकणार. खालून पातळ पाचर द्या.

पहिली आच

आतले सगळे स्टिकर, प्लॅस्टिकची पातळ फिल्म, थर्माकोलचे तुकडे काढा. फिल्म दाराच्या आतल्या कडेलाही असते. मग रिकामा ओव्हन २०० ते २५० अंशांवर तासभर चालवा, खिडक्या उघड्या ठेवून. कारखान्याचं तेल जळतं, धूर येतो, वास येतो. पहिल्या दिवशी हे व्हायचंच. त्याच वेळी शेजारच्या शटरना आणि वरच्या ग्रॅनाइटला हात लावून बघा. कोमट लागलं तर ठीक. हात ठेववत नसेल तर हवा कुठेतरी अडली आहे, ओव्हन बंद करून मागची वाट तपासा.

आता बंद घरांचं. गणपतीच्या आदल्या दिवशी मला दरवर्षी कुणाचा तरी फोन येतो, "भाऊ, ओव्हन लावला की घरभर अंधार." ओव्हनच्या कॉइलमध्ये तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पावडर भरलेली असते आणि ती दमट हवेतलं पाणी शोषते. जून ते ऑगस्ट घर बंद राहिलं की पावडर ओलसर होते, करंट थोडासा पत्र्यात उतरतो, आणि आरसीसीबी आपलं काम चोख करतो. आरसीसीबी काढून किंवा अर्थिंग सोडून ओव्हन चालू करणारे महाभाग आहेत. तसं करू नका, तो जिवाशी खेळ आहे. आधी नुसता दिवा आणि पंख्याचा मोड लावून ठेवा, मग ५०-६० अंशांवर अर्धा तास. एका कॉइलच्या मोडवर चालतो आणि दुसऱ्यावर उडतो असं झालं तर ओली कॉइल कोणती ते कळलं. तरीही उडतच राहिला तर वायरमनला मेगर, म्हणजे करंटची गळती तपासायचं मीटर, घेऊन बोलवा. घर बंद करून जाताना एमसीबी खाली करा, दाराला कापडाची घडी लावून ते बोटभर उघडं ठेवा, नाहीतर आत बुरशीचा वास बसतो.

वर्षातून एकदा तोंडाच्या पट्टीतले स्क्रू काढून बघा. डोक्यावर तांबूस डाग दिसला तर तो स्टेनलेस नव्हता, सुताराने खिशातला मारला होता. बदला.

त्या हर्णैच्या वहिनींनी सगळं झाल्यावर पहिलं काय केलं असेल, तर धोंडस. तवसं, म्हणजे मोठी काकडी, किसून, गूळ-रवा घालून, पूर्वी वर-खाली निखारे ठेवून करायचे तेच. दोन्ही कॉइल लावून १८० अंशांवर. सुतारदादा पानावर बसले होते. एक तुकडा खाऊन म्हणाले, "खालून जरा कमी लागलंय." मी ताटली पुन्हा आत ठेवून बघितली. पाणी मागच्या बाजूला सूतभर सरकत होतं. पुढची कड उचलून धरणारी पाचर काढली, मग बसलं.